तळाचा शिक्का

नाना कामावरून आले की त्यांच्या हातांना पितळेचा वास यायचा. साबणाने जायचा नाही. आई म्हणायची, चिंच चोळा, भांड्यांना चोळतो तशी. नाना हसायचे आणि चहाला बसायचे. दिवसभरात काय केलं हे मात्र त्यांना कुणी विचारायचं नाही आणि तेही सांगायचे नाहीत. इस्टेटमधल्या सगळ्याच घरांत ही रीत होती. एखाद्या उत्साही पाहुण्याने 'काय, रोज किती गोळ्या काढता?' असं विचारलंच, तर 'आमचं काय, मोजमापाचं काम' एवढंच उत्तर मिळायचं, आणि आई लगेच केळीच्या वेफर्सची ताटली पुढे करायची.

इस्टेट म्हणजे भुसावळजवळच्या वरणगावच्या आयुध निर्माणीची वसाहत. १९६२ च्या चीन युद्धानंतर जे नवे कारखाने उभे राहिले त्यांतला हा एक, १९६४ चा. इथे रायफलींच्या गोळ्या होतात. नाना १९६७ साली लागले आणि २००६ साली निवृत्त झाले. बहुतेक वर्षं तपासणी खात्यात गेली. सकाळी भोंगा, गेटवर दरबान, आत जाताना काडेपेटी-बिडी बाहेर, बाहेर येताना झडती. खंडेनवमीला यंत्रांच्या गळ्यात झेंडूच्या माळा. माझं लहानपण या वेळापत्रकात गेलं आणि आमचं घर काडतुसांवर चालतं यात काही वेगळं आहे असं मला कधी वाटलं नाही. भुसावळची पोरं रेल्वेची, आम्ही फॅक्टरीची.

१८ मार्चला आयुध निर्माणी दिवसाचं प्रदर्शन भरायचं. त्या दिवशी घरच्यांना टेबलावर मांडलेला माल बघता यायचा. मी सहावी-सातवीत असेन. सगळी पोरं गोळीच्या टोकाला बोट लावून बघत होती. नानांनी एक नमुना उचलला आणि उलटा करून माझ्यापुढे धरला. तळाशी, जिथे बंदुकीची पिन आदळते त्याच्या भोवती, बारीक अक्षरं ठोकलेली होती. कारखान्याची खूण आणि साल. "टोक सगळे बघतात," नाना म्हणाले. "तू हे बघ. ही आपली." खोक्यावर लॉट नंबर असतो, रजिस्टरात त्या लॉटची नोंद असते, नोंदीखाली तपासणाऱ्याची सही असते. वीस वर्षांनी कुठल्या चौकीवर एखादी गोळी फुसकी निघाली, तरी माग काढत माणूस नानांच्या टेबलापर्यंत येऊ शकतो. त्यांना याची भीती वाटत नसे. त्या दिवशी ते सांगताना मान जरा वर होती, एवढं मला आठवतं.

हे सगळं मला आठवलं ते फार नंतर, कॅलिफोर्नियात.

मी क्लाउडवाली. त्यातही स्टोरेजवाली, म्हणजे मराठीत सांगायचं तर कोठारवाली. लोकांचा डेटा आमच्या कोठारात येऊन पडतो, आम्ही तो हरवू देत नाही, मागितला की लगेच काढून देतो. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. २०१८ साली मी तिथे एच-वन-बी व्हिसावर होते, ग्रीन कार्डच्या रांगेत सात वर्षं उभी होते आणि मुलगा दुसरीत होता.

त्या मार्चमध्ये गूगलची बातमी फुटली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा 'प्रोजेक्ट मेव्हन' नावाचा एक कार्यक्रम होता. २०१७ च्या एप्रिलमध्ये उपसंरक्षणमंत्री रॉबर्ट वर्क यांच्या आदेशाने तो सुरू झाला होता. अडचण साधी होती. ड्रोन आकाशातून इतकं चित्रण पाठवत होते की ते बघायला माणसांचे डोळे पुरत नव्हते. मग यंत्राला बघायला शिकवायचं: ही गाडी, हा माणूस, ही इमारत, अशा ३८ प्रकारच्या गोष्टी ओळखायला. या कामात गूगलचं तंत्रज्ञान वापरलं जात होतं, आणि बहुतेक गूगलवाल्यांना याचा पत्ता नव्हता. त्यांनी सुंदर पिचाई यांना पत्र लिहिलं. 'गूगलने युद्धाच्या धंद्यात असू नये असं आम्हाला वाटतं', हे त्यातलं वाक्य. एप्रिलच्या सुरुवातीला तीन हजारांवर सह्या होत्या, पुढे त्या चार हजारांपलीकडे गेल्या. बाराएक जणांनी राजीनामे दिले. १ जूनला गूगल क्लाउडच्या प्रमुख डायान ग्रीन यांनी कर्मचाऱ्यांना सांगितलं की मार्च २०१९ मध्ये कंत्राट संपलं की ते पुढे चालवणार नाही. ७ जूनला पिचाई यांनी कंपनीची तत्त्वं जाहीर केली आणि त्यांत लिहिलं की शस्त्रांसाठी एआय बनवणार नाही.

बाहेरून बघणाऱ्याला हा विजय वाटला. मलाही वाटला. पण माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीने वेधून घेतलं. कंपनीतल्या वरिष्ठांनी आपल्या लोकांना हे कंत्राट ९० लाख डॉलरचं, म्हणजे त्यांच्या मानाने किरकोळ, असल्याचं सांगितलं होतं. पुढे आतल्या ईमेल बाहेर आल्या तेव्हा यातून याहून पुष्कळ मोठं काम मिळण्याची अपेक्षा होती असं दिसलं. न्यूयॉर्क टाइम्सने छापलेल्या एका मेलमध्ये क्लाउड विभागातल्या मुख्य शास्त्रज्ञ फे-फे ली यांनी सहकाऱ्यांना बजावलं होतं की या कामाविषयी बोलताना काही झालं तरी एआयचा उल्लेख टाळा. मला हे वाचून राग आला नाही, नानांच्या टेबलावरची ती उलटी धरलेली गोळी आठवली. इथे तळ घासून गुळगुळीत करायचं काम चाललं होतं.

काही आठवड्यांनी आमच्याही कंपनीत एक पत्र फिरायला लागलं. गिऱ्हाईक वेगळं, काम वेगळं, सूर तोच. शेजारच्या डेस्कवरच्या सहकाऱ्याने दुवा पाठवला आणि 'घाई नाही' असं लिहिलं. मी तो घरी, मुलगा झोपल्यावर उघडला. अशा सामायिक कागदात वरच्या कोपऱ्यात तो कोणी उघडलाय त्यांची नावं छोट्या गोलांत दिसतात, तशी दिसत होती. रात्री अकराला तीन-चार गोल असायचे आणि त्यांतले दोन-तीन आपल्याकडचे. एक तेलुगू आडनाव, एक आपलंच कुलकर्णी-देशपांडे जातीचं, आणि मी. आम्ही सगळे तो कागद वाचत होतो. खाली जाऊन नाव लिहायच्या ओळीपाशी कुणाचाच कर्सर जात नव्हता. मग एक गोल विझायचा, थोड्या वेळाने दुसरा. सलग तीन रात्री मी तो कागद उघडला.

सही केली नाही.

कारण सांगायला सोपं आहे आणि खरंही आहे. एच-वन-बीवर असताना नोकरी गेली की ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरा मालक शोधा, नाहीतर सामान बांधा. घराचं भाडं, मुलाची शाळा, सात वर्षांची रांग, सगळं त्या ६० दिवसांत. इथल्या कंपन्यांत आपल्यासारखे किती आहेत हे ज्याला माहीत आहे, त्याने सह्यांच्या याद्या वाचताना न दिसणारी नावंही वाचावीत. पण मी स्वतःला जे कारण दिलं ते हे नव्हतं. मी म्हटलं, मी तर कोठारवाली. माझ्याकडे फक्त डबे येतात. डब्यात काय आहे ते मला कुठे माहीत?

त्याच सुमारास मला ईस्ट किलब्राइडची हकीकत वाचायला मिळाली, आणि ती डोक्यातून गेली नाही.

हे गाव स्कॉटलंडमधलं, ग्लासगोजवळचं. तिथे रोल्स-रॉइसच्या कारखान्यात विमानांची इंजिनं दुरुस्तीला यायची. ११ सप्टेंबर १९७३ ला चिलीच्या लष्कराने सॅंतियागोत सत्ता बळकावली. हॉकर हंटर विमानांनी ला मोनेदा या राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यावर बॉम्ब टाकले, निवडून आलेलं आयेंदे यांचं सरकार पडलं, आणि पुढची वर्षं माणसं उचलली जाण्याची होती. मार्च १९७४ मध्ये ईस्ट किलब्राइडच्या कारखान्यात एका तपासनिसाच्या पुढ्यात एक इंजिन आलं. तपासनीस बॉब फुल्टन. दुसऱ्या महायुद्धात लढलेला माणूस. त्याने सोबतचा कागद वाचला: चिलीचं हवाई दल. त्याने ते हॉकर हंटरचं इंजिन आहे हे ओळखलं आणि आपण याला हात लावणार नाही असं सांगितलं.

मला इथेच थांबायला होतं. तो संपाचा पुढारी नव्हता, चिलीला कधी गेलेला नव्हता. तो तपासनीस होता आणि त्याचं काम कागद वाचण्याचं होतं. बाकीचे कामगार त्याच्या मागे उभे राहिले, युनियन उभी राहिली. इंजिनं पेटाऱ्यांत घालून कारखान्याच्या आवारात ठेवली गेली. स्कॉटलंडचा पाऊस त्यांच्यावर पडत राहिला. एक नाही, चार वर्षं. ऑगस्ट १९७८ मध्ये एका रात्री ट्रक आले आणि ती इंजिनं घेऊन गेले. कामगारांना कितीतरी वर्षं आपण हरलो असंच वाटत राहिलं. २०१५ साली चिली सरकारने त्यांच्यातल्या तिघांना आपला राष्ट्रीय सन्मान दिला तेव्हा ते म्हातारे झाले होते.

अशीच दुसरी गोष्ट अमेरिकेतली. १९७० साली पोलरॉइड कंपनीत काम करणाऱ्या कॅरोलाइन हंटर आणि केन विल्यम्स या दोघांना कंपनीतल्याच एका सूचनाफलकावर ओळखपत्राचा नमुना लावलेला दिसला, दक्षिण आफ्रिकेच्या खाण खात्याचा. तिथल्या वर्णभेदी राजवटीत काळ्या माणसांना जवळ बाळगावे लागणारे पासही झटपट फोटोवर निघत होते आणि तो फोटो आपल्या कंपनीचा होता. दोघांनी विरोध उभारला, हंटरची नोकरी गेली, आणि १९७७ मध्ये कंपनी दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडली. इथेही सुरुवात एका चिठोऱ्यापासूनच. फलकावर कुणीतरी सहज टोचलेलं, कॉफीला जाता-येता नजरेस पडलेलं.

आता आमच्या धंद्यात बघा. माझ्या पुढ्यात कागद येत नाही. ग्राहक म्हणजे एक आकडा असतो, मोठा ग्राहक असेल तर एखादं टोपणनाव, बहुधा पक्ष्याचं नाहीतर डोंगराचं. एकाच कोठारात एका बाजूला कुणाच्या लग्नाचे फोटो, दुसऱ्या बाजूला दवाखान्याचे एक्स-रे आणि तिसऱ्या बाजूला काय असेल ते. मी लिहिलेली सुधारणा तिघांनाही सारखीच लागू होते. याला आम्ही कौतुकाने 'सर्वसाधारण वापराचं तंत्रज्ञान' म्हणतो. नानांच्या यंत्रावर फक्त काडतूसच निघायचं. त्यावर कुणी लग्नाचे फोटो काढून दिले नसते.

मेव्हनमध्येही साखळीच्या अगदी तळाला जे होते त्यांना तर काहीच माहीत नव्हतं. यंत्राला गाडी म्हणजे काय हे शिकवायचं तर आधी कुणीतरी माणसाने हजारो चित्रांवर 'ही गाडी' अशा चौकटी आखाव्या लागतात. २०१९ च्या फेब्रुवारीत बातमी आली की हे काम इंटरनेटवरून तुकड्या-तुकड्यांनी काम देणाऱ्या कंपनीमार्फत करून घेतलं होतं, आणि चौकटी आखणाऱ्यांना ते कशासाठी हे सांगितलेलं नव्हतं. घरात बसून, चार पैशांसाठी, कुणीतरी आकाशातून दिसणाऱ्या छपरांभोवती रेघा ओढत होतं. त्या माणसांनी कसली सही करायची आणि कशावर?

गूगलमधल्या दोन हकीकती मला सह्यांच्या आकड्यापेक्षा जास्त जवळच्या वाटतात. एक, डब्लिनमधल्या लॉरा नोलन यांची. सर्व्हरचा गाडा चालता ठेवणाऱ्या, म्हणजे आमच्याच बिरादरीतल्या. पायाभूत व्यवस्थेतल्या एका बदलाचं काम त्यांच्याकडे आलं, हे कशाला असं त्यांनी विचारलं, उत्तर मेव्हनपर्यंत पोचलं आणि २०१८ साली त्यांनी नोकरी सोडली. दुसरी, नऊ इंजिनिअरांची. लष्कराची गोपनीय कामं घ्यायची तर त्यांचे सर्व्हर बाकीच्या जाळ्यापासून पूर्ण तोडून वेगळे ठेवावे लागतात. ही सोय बांधायचं काम या नऊ जणांना दिलं होतं. त्यांनी बांधायला नकार दिला आणि ते लांबणीवर पडलं. मोर्चा नाही, घोषणा नाहीत. नऊ माणसांनी फक्त भिंत बांधली नाही. त्यांना कळलं होतं की भिंत एकदा उभी राहिली की पलीकडे काय चाललंय ते पुन्हा कधीच दिसणार नाही.

हे मी नानांना सांगितलं. रविवारी सकाळी आमचा व्हिडिओ कॉल असतो, इथे शनिवारची रात्र. निवृत्तीनंतर ते भुसावळला राहायला आले. मेव्हन समजावताना मी ड्रोन म्हटलं, ते म्हणाले ठाऊक आहे, लग्नात असतं ते. मग त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्यांना सैन्यासाठी बनवायचंच नाही का?"

मी म्हटलं, काहींना नाही. काहींना अटी हव्यात.

"एकाहत्तरला आम्ही बारा-बारा तास उभे होतो," ते म्हणाले. "रविवारसुद्धा. कुणी म्हटलं नाही, मी करत नाही. तिकडे पोरांच्या मॅगझिनमध्ये गोळी कमी पडली असती तर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. 'तुम्ही नाही केलं तर चीन करेल' हे वाक्य कंपन्यांच्या तोंडी मला खोटं वाटतं, कारण ते म्हणताना त्यांची नजर कंत्राटाच्या रकमेवर असते. नानांच्या तोंडी तेच वाक्य मला खोटं म्हणता येत नाही. चीनशी लढाई झाली म्हणून तर आमचा कारखाना निघाला, आणि कारखाना निघाला म्हणून मी शिकले. युद्धाच्या धंद्यात असू नये हे ज्यांना बिनदिक्कत म्हणता येतं त्यांचा मला कधीकधी हेवा वाटतो. त्यांचं बालपण दुसऱ्या कुठल्या तरी पैशावर झालेलं असतं. नसेलही. हे जरा कडवट झालं.

थोडा वेळ गप्प बसून नानाच म्हणाले, "गोळी पोलिसांकडेपण जाते म्हणा."

"मग?"

"मग काय. कुणासाठी बनवतो ते माहीत होतं. लागते कुणाला, ते नव्हतं माहीत."

त्यांच्या कारखान्यातले लोक लढाऊ नव्हते असं नाही. पगारासाठी, पेन्शनसाठी गेटवर सभा व्हायच्याच. २०२१ साली सरकारने आयुध निर्माणी मंडळ मोडून ४१ कारखाने सात कंपन्यांमध्ये वाटले तेव्हा देशभर विरोध झाला, आणि संप होऊ नये म्हणून ३० जूनला वटहुकूमच काढला गेला. निवृत्त झालेले नानाही तेव्हा फोनवर तावातावाने बोलायचे. पण गोळी कुणावर चालते या प्रश्नावर तिथे कधी गेटसभा झाली नाही. तो प्रश्न सरकारचा, म्हणजे पर्यायाने मत देणाऱ्यांचा, असं त्यांनी धरलं होतं. मला ते तेव्हाही पटायचं आणि आताही निम्मं पटतं. उरलेल्या निम्म्याचं असं आहे की मी ज्या देशासाठी कोठार सांभाळत होते तिथे मला मतच नव्हतं.

पुढची वर्षं भरभर सांगते. २०२१ मध्ये गूगल आणि ॲमेझॉनला इस्रायल सरकारचं 'निंबस' हे क्लाउडचं कंत्राट मिळालं, १२० कोटी डॉलरचं. त्या ऑक्टोबरमध्ये दोन्ही कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांचं विरोधाचं पत्र लंडनच्या गार्डियनमध्ये छापून आलं. गूगलचे ९० आणि ॲमेझॉनचे ३०० हून अधिक जण, आणि कुणाचंही नाव नाही. तीन वर्षांपूर्वी नावानिशी चार हजार, आता निनावी चारशे. हवा बदलली होती. १६ एप्रिल २०२४ ला न्यूयॉर्क आणि सनीव्हेल इथल्या गूगलच्या कचेऱ्यांत कर्मचारी ठिय्या मारून बसले. सनीव्हेलला ते बसले ते क्लाउडचे प्रमुख थॉमस कुरियन यांच्या केबिनमध्ये. पोलिसांनी नऊ जणांना उचललं. दुसऱ्या दिवशी २८ जणांच्या नोकऱ्या गेल्या, पुढे तो आकडा ५० च्या आसपास पोचला. पिचाई यांनी सर्वांना लिहिलं त्याचा मथितार्थ असा की हा व्यवसाय आहे, राजकारणावर वाद घालायची ही जागा नाही.

कुरियन केरळचे, पिचाई तमिळनाडूचे. मायक्रोसॉफ्टचे नडेला हैदराबादचे. इथल्या आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप गटांत या तिघांचे फोटो वर्षातून दोन-तीनदा अभिमानाने फिरतात. त्या आठवड्यात मात्र गट शांत होते. महाराष्ट्र मंडळाच्या एका कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत विषय निघाला तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "पटत नाही तर नोकरी सोडावी ना. पगार घ्यायचा आणि साहेबाच्या खुर्चीत जाऊन बसायचं, हे काय?" श्रीखंड वाढून घेत मी काहीच बोलले नाही. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, पण सोडणाऱ्याचा प्रश्न त्याच्याबरोबरच दाराबाहेर जातो. ईस्ट किलब्राइडच्या लोकांनी राजीनामे दिले असते तर दुसऱ्या आठवड्यात ती इंजिनं दुरुस्त होऊन गेली असती.

मेव्हनचं तसंच झालं म्हणा. गूगल बाहेर पडलं, काम थांबलं नाही. लष्करासाठी डेटा विश्लेषणाचं काम करणाऱ्या पॅलंटिरसारख्या कंपन्यांनी ते पुढे नेलं. २०२४ च्या मे महिन्यात पॅलंटिरला त्यासाठी ४८ कोटी डॉलरचं कंत्राट मिळालं. त्याच वर्षी २ फेब्रुवारीला अमेरिकेने इराक आणि सीरियात ८५ हून अधिक लक्ष्यांवर हल्ले केले, आणि ती हुडकायला ही यंत्रं वापरली असं त्यांच्या लष्करी अधिकाऱ्यांनीच सांगितलं. ज्या बाराएक जणांनी २०१८ मध्ये नोकऱ्या सोडल्या त्यांनी ही बातमी कुठे, काय करत असताना वाचली असेल, हा विचार त्या दिवशी मनात पुन्हा पुन्हा येत होता. ४ फेब्रुवारी २०२५ ला गूगलने आपली तत्त्वं नव्याने मांडली, त्यात शस्त्रांविषयीची ती ओळ नव्हती. सात वर्षं पुरली.

मायक्रोसॉफ्टचं थोडं वेगळं घडलं. एप्रिल २०२५ मध्ये कंपनीच्या पन्नाशीच्या सोहळ्यात तिथलीच कर्मचारी इब्तिहाल अबुसाद हिने, इस्रायली लष्कराला दिलेल्या तंत्रज्ञानाच्या निषेधात, व्यासपीठावरच्या एआय-प्रमुखांना भर भाषणात अडवलं. त्याच दिवशी कंपनीचे आजी-माजी प्रमुख गेट्स, बामर आणि नडेला एकत्र बसले असताना वनिया अग्रवाल उठून उभी राहिली. दोघींच्याही नोकऱ्या गेल्या. ऑगस्टमध्ये गार्डियन आणि काही इस्रायली पत्रकारांनी छापलं की इस्रायली लष्कराच्या ८२०० क्रमांकाच्या गुप्तचर तुकडीने पॅलेस्टिनी लोकांच्या फोन कॉलचा प्रचंड साठा मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर ठेवला आहे. कंपनीने चौकशी केली आणि २५ सप्टेंबरला जाहीर केलं की इस्रायलच्या संरक्षण खात्यातल्या एका विभागाच्या काही सेवा बंद केल्या आहेत. म्हणजे बघा, कुणीतरी बाहेरून येऊन डबा उलटा करून दाखवला तेव्हा ते झालं. आणि तो डबा कोठाराचा होता. माझ्यासारख्याच कुणा कोठारवालीच्या हाताखालचा.

२०२२ मध्ये मला ग्रीन कार्ड मिळालं होतं. ६० दिवसांचं कारण संपलं. दुसरं कारण, डब्यात काय आहे ते मला कुठे माहीत हे, त्या बातमीने संपलं.

गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे एक तिकीट आलं. आमच्याकडे प्रत्येक कामाचं एक तिकीट असतं, त्यात काय करायचं ते लिहिलेलं असतं आणि खाली चर्चेला जागा असते. एका ग्राहकासाठी साठवण वाढवून हवी होती, बरीच. शिवाय आमच्या नेहमीच्या नोंदींमध्ये ही साठवण दिसू नये असा एक बदल हवा होता. ग्राहकाच्या जागी एका डोंगराचं नाव होतं. काम दोन दिवसांचं, अवघड काहीच नाही. मी ते उघडून बसले आणि खालच्या जागेत लिहिलं: 'हा ग्राहक कोण आहे आणि नोंदी का नकोत, हे कळल्याशिवाय मी हे काम घेणार नाही.' खाली नाव. नाव तिथे आपोआपच येतं.

मॅनेजरने फोन केला. चांगला माणूस आहे, आवाज चढवला नाही. त्यालाही ग्राहक माहीत नव्हता. कदाचित एखादी बँक असेल, म्हणाला, किंवा दवाखान्यांची साखळी. असेलही. मी म्हटलं, मग लिहून टाक तसं. त्याने तिकीट माझ्या नावावरून काढून टीममधल्या एका मुलाला दिलं. तो मुलगा व्हिसावर आहे. गुरुवारपर्यंत काम झालं होतं. माझ्या प्रश्नाखाली कुणीही काही लिहिलं नाही.

रविवारी नानांना सांगितलं. आता ते ऐंशीचे आहेत, कानाला यंत्र लागलंय, दोनदा सांगावं लागलं. काम झालंच ना शेवटी, मी म्हटलं, माझ्यामुळे त्या पोरावर गेलं फक्त. त्यांनी त्यावर काही म्हटलं नाही. खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांनी विचारलं,

"तुझं लिहिलेलं खोडलं का कुणी?"

"नाही. खोडता येत नाही ते."

"तारीख टाकलीस?"

"ती आपोआप पडते, नाना."

"वेळ?"

"वेळपण."

"बरं," ते म्हणाले, आणि आईला फोनवर बोलवायला उठले.